जिवंत शब्द आणि उष्टी ताटं

मित्रांनो, मी एक जुना पोडियम आहे. माणूस शेवटच्या श्वासापर्यंत शिकत असतो, या थोर सत्याचा भार गेली सव्वाशे वर्षं मी एकट्यानं पेलला आहे. सत्य तसं वजनाला हलकं असतं. जड असतात ते सांगणारे वक्ते, कारण ते कोपरं टेकतात. माझ्या माथ्याची डावी कड त्यामुळे खचली आहे, आणि उजवीकडे पाण्याच्या ग्लासांचे इतके गोल डाग आहेत की लांबून बघणाऱ्याला ते कोरीव काम वाटतं.

माझा जन्म कोपनहेगनपासून लांब, यूलंडच्या थंड मुलखात, एका हिवाळ्यात झाला. तेव्हा फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांबट खाडीच्या, काठावरच्या आमच्या शाळेत शेतकऱ्यांची तरणीताठी मुलं हिवाळ्यातच येत. शेत बर्फाखाली झोपलेलं असे, आणि घरात नुसतं बसलेलं पोर बापाला बघवत नसे. त्यांतल्या एकाला इतिहासाच्या तासाला हमखास डुलकी लागायची. मुख्याध्यापकांनी त्याला शिक्षा केली नाही. मोठ्या माणसांना शिक्षा करायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. त्यांनी त्याच्या हातात करवत दिली. त्यानं ओकच्या फळ्यांतून मला घडवलं, माझ्या पोटात पुस्तकं ठेवायला एक कप्पा केला, आणि मी उभा राहिलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतिहासाचा पुढचा तास माझ्यामागून झाला. त्या तासालाही तो झोपला.

आमच्या शाळांचं तत्त्वज्ञान एका पाद्रीबाबानं सांगून ठेवलं आहे. पुस्तकातला शब्द मेलेला, तोंडातला जिवंत. मोठ्या माणसाला परीक्षा नको, गुण नकोत, प्रमाणपत्र नको. त्याला फक्त जागं करा, पुढचं तो बघून घेईल. आता तुम्हीच सांगा, जिवंत शब्द झाला तरी त्याला उभं राहायला जागा लागेल की नाही? ती जागा मी. एकदा माझ्यामागून सहकारी डेअरीवर व्याख्यान झालं आणि वर्षाच्या आत गावात डेअरी उभी राहिली. शेतकऱ्यांनी तो निर्णय खरं म्हणजे तबेल्यात, घोड्यांना खरारा करता करता घेतला, असं पुढे कुणीतरी म्हणालं. पण तबेल्याला कोणी आत्मवृत्त सांगायला बोलावत नाही.

मग काळ पालटला. शेतकऱ्यांची मुलं कमी झाली. कारखान्यातले आले, मग नोकरी गेलेले, मग नोकरीला कंटाळलेले, मग निवृत्त झालेले आणि घरी कुणालाच नको असलेले. इतिहास मागे पडला. मातीकाम, योगासनं आणि रानातल्या अळंब्या ओळखणं पुढे आलं. भिंतीवर पांढरा पडदा आला. पडद्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला शेवटी गुंडाळूनच ठेवतात.

तक्रार दुसऱ्याबद्दल आहे. पडदा लागल्यावर मला सभागृहाच्या कडेला सरकवलं, ते नेमकं भिंतीतल्या एका मोठ्या खिडकीशेजारी. त्या खिडकीतून जेवणानंतर उष्टी ताटं पलीकडे सरकवतात. पलीकडे भांडी धुण्याची खोली आहे, आणि तिथं ते मशीन राहतं.

पोलादी, चौकोनी, कुळ ना मूळ. कॅटलॉगमधून मागवलेलं. त्यात ताटांचा ट्रे सरकवायचा, वरचं झाकण खाली ओढायचं, की ते घों घों करत बसतं. आमच्याकडे मुख्याध्यापकापासून सगळे पाळीपाळीनं भांडी धुतात, ती शाळेची रीतच आहे. तर ते घोंघावत असताना माणसांना करण्यासारखं काही नसतं. हात ओले, नजर वाफेवर, तोंड मोकळं. आणि मित्रांनो, त्या वाफेत माणसं जे बोलतात, ते सव्वाशे वर्षांत माझ्यामागून कोणी बोललेलं नाही. घटस्फोट, देणी, मेलेली भावंडं, न जमलेली लग्नं, देव आहे की नाही. जिवंत शब्द! माझ्यापासून चार हातांवर, आणि माझ्याकडे पाठ करून. माझ्या पोटात जो कप्पा आहे ना, तिथं दुखायचं मला.

त्या वसंतात एगोन आला, आणि ते दुखणं वाढलं.

एगोन बुंडगोर हा जन्मभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवलेला माणूस. पहाटे निघायचं, एकट्यानं फिरायचं, दूध भरायचं, परत यायचं. बोलायचं कोणाशी? निवृत्त झाला आणि दोन महिन्यांत शाळेच्या दारात सुटकेस घेऊन हजर. पहिल्या सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं, आणि मग मुख्याध्यापक आस्गेरनं प्रत्येकाला विचारलं, तू इथं का आलास. आमच्याकडे सगळे सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. कोणी म्हणालं, स्वतःला शोधायला. कोणी म्हणालं, निसर्गासाठी.

एगोन म्हणाला, “जूनमध्ये माझ्या मुलीचं लग्न आहे.”

“वा, अभिनंदन!” आस्गेर म्हणाला. “मग?”

“मुलीच्या बापाला भाषण करावं लागतं.”

सगळे हसले, पण प्रेमानं. कारण ते खरंच होतं. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात पहिलं भाषण मुलीच्या बापाचं. त्यानं ग्लासवर सुरी वाजवायची, उठायचं आणि बोलायचं. त्यातून सुटका नाही.

मी मात्र आनंदानं ताठ झालो. कितीतरी वर्षांनी एक असा माणूस आला होता, ज्याला अळंब्या नकोत, योगासनं नकोत. ज्याला हवा होतो मी.

आस्गेरच्या भाषणकलेच्या तासाला मला मध्यभागी आणलं गेलं. एगोन माझ्यामागे उभा राहिला आणि त्यानं माझ्या दोन्ही कडा अशा घट्ट धरल्या की जणू मी घाटातून उतरणारा टँकर आहे. तळव्यांना घाम फुटलेला. इतक्या जीवाच्या आकांतानं मला कोणी कधीच धरलं नव्हतं.

“प्रिय दित्ते,” तो म्हणाला. आणि थांबला.

आम्ही वाट पाहिली. बाहेर एक समुद्रपक्षी ओरडून गेला.

“प्रिय दित्ते,” तो पुन्हा म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला.

“उत्तम सुरुवात!” आस्गेर म्हणाला. आमच्या शाळेत कोणाला नापास करता येत नाही, त्यामुळे अशा वेळी फार पंचाईत होते.

त्याच दुपारी एगोनची भांड्यांची पाळी लागली, तोवे नावाच्या बाईबरोबर. तोवे एस्बियर्ग शहरातली, निवृत्त नर्स, जिभेला सुईचं टोक. मशीनचं झाकण खाली आलं, घोंघों सुरू झालं, आणि खिडकीतून मला सगळं ऐकू यायला लागलं.

“काय रे, एवढं मोठं धूड आणि पोरीसमोर दोन शब्द फुटेनात?”

“पोरीसमोर फुटतील गं. फ्लेमिंगसमोर नाही फुटत.”

“हा कोण?”

“तिच्या आईचा दुसरा नवरा. नगरपालिकेत सदस्य आहे. गोल चौकाचं उद्घाटन असलं तरी लोकांच्या डोळ्यांत पाणी आणतो. मी नाही बोललो तर तो बोलणार. दित्तेला तसं म्हणालाय पण, ‘एगोनला जड जात असेल तर मी आहेच.’”

“चांगलाच आहे की मग.”

“चांगलाच आहे!” एगोन जवळजवळ ओरडला. “हीच तर कटकट आहे! वाईट असता तर सोपं होतं. पोरीला हँडबॉलला तोच न्यायचा, दर शनिवारी, पावसापाण्यात. मी दूध वाहायचो आणि तो माझी मुलगी वाहायचा. आता हे एक भाषण राहिलंय माझ्या वाट्याचं. तेही त्यानंच करायचं?”

“म्हणजे तू पोरीसाठी नाही आलास. जळतोस म्हणून आलास.”

“हो,” एगोन म्हणाला. “ताट दे इकडे.”

मित्रांनो, मला हा माणूस त्या क्षणी सख्ख्या भावासारखा वाटला. आणि त्याच क्षणी मला जाणवलं की त्याच्या तोंडून घडाघडा शब्द येत होते, आणि ते येत होते त्या पोलादी डब्यासमोर. माझ्यामागे त्याला जमलं होतं ते फक्त “प्रिय दित्ते”. तेही दोनदा.

पुढे हे रोजचंच झालं. तासाला माझ्यामागे तो मुका, जेवणानंतर त्या खोलीत धबधबा. मी मनोमन देव पाण्यात घालून बसलो. म्हटलं, हे मशीन एकदा मोडू दे. पाळ्या बंद होतील, बाहेरून माणसं बोलावून भांडी उरकतील, आणि बोलायची जागा म्हणून एकटा मीच उरेन.

मे महिन्यात ते मोडलं. त्या दिवशी एक पाहुणा वक्ता यायचा होता, विषय ‘प्रौढ शिक्षणाचं भवितव्य’. दुपारी मशीनमधून एक जळका वास आला, घोंघों थांबली, आणि मी आतल्या आत घंटा वाजवली. सुटा भाग जर्मनीतून यायला वेळ लागणार होता. आस्गेरनं लगेच बैठक बोलावली. आमच्याकडे काहीही मोडलं की आधी बैठक होते, दुरुस्ती नंतर. बाहेरची माणसं बोलवावीत का, यावर प्रत्येकाचं मत घेतलं गेलं. शेवटी एकमतानं ठरलं: भांडी हातानं धुवायची, आणि एका पाळीला झेपणार नाही म्हणून सगळ्यांनी मिळून धुवायची.

म्हणजे पूर्वी दोन माणसं त्या खोलीत बोलत; आता अख्खी शाळा बोलणार होती. माझी प्रार्थना अशी फळाला आली.

तो वक्ता संध्याकाळी आला. कोपनहेगनचा, कानाला चिकटलेला माइक. माझ्यामागे उभा राहिला नाही की मला हातसुद्धा लावला नाही; नुसता येरझारा घालत राहिला. पडद्यावर रंगीत गोल येत-जात होते. “यापुढे शिक्षण तुमच्याकडे चालत येईल,” तो म्हणाला. “प्रत्येकाच्या गतीनं, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे. शाळा तुमच्या खिशात असेल!”

“माझ्या खिशात रुमाल आहे,” तोवे मागून म्हणाली. “आणि गोळ्या.”

व्याख्यान संपलं. प्रश्न कोणी विचारले नाहीत, कारण रात्रीच्या जेवणाची ताटं खिडकीपाशी डोंगरासारखी साठली होती. सगळे उठून आत गेले. वक्ता क्षणभर एकटाच उभा राहिला, मग तोही आत गेला, आणि कोणीतरी त्याच्या हातात पुसायचं फडकं दिलं. टबातल्या गरम पाण्याच्या वाफेत मला त्याचा आवाज ओळखू येईना, कारण कानाचा माइक त्यानं काढला होता.

“खरं सांगू?” तो म्हणत होता. “सुरू करतात पुष्कळ. पूर्ण करणारे फार थोडे. माझी आईसुद्धा तिसऱ्या धड्यावर सोडते. म्हणते, एकटीला कंटाळा येतो.”

“तिला इकडे पाठव,” तोवे म्हणाली. “तो टोप नीट पूस, बुडाला ओला आहे.”

आणि मग त्या सगळ्यांच्या गर्दीत, कोपरापर्यंत साबणात बुडालेला एगोन बोलायला लागला. कोणी विचारलंही नव्हतं. दित्ते लहान असताना शाळेच्या सुट्टीत टँकरवर त्याच्या शेजारी बसून यायची. प्रत्येक शेतावर उतरायची आणि आधी तिथल्या कुत्र्याला भेटायची. मुठीची पाठ पुढे धरून उभी राहायची, कुत्रा येईपर्यंत. सगळ्या वाटेवरच्या कुत्र्यांची नावं तिला पाठ. एगोन एकेक ताट धुऊन पुढे सरकवत होता आणि एकेक कुत्रा सांगत होता. कोणता भुंकायचा, कोणता चाटायचा, कोणता म्हातारा होता आणि नुसता शेपूट हलवायचा. लोक हसून हसून बेजार झाले. आस्गेरच्या हातून एक बशी फुटली.

“हेच बोल की लग्नात,” आस्गेर म्हणाला.

“छे,” एगोन म्हणाला. “लग्नात कुत्र्यांचं बोलतात का? भाषण म्हणजे कसं, भाषण हवं.”

बघा, अजून मला आशा होती. भाषणाची बूज राखणारा एक तरी माणूस शिल्लक होता.

लग्न आमच्याच सभागृहात झालं. ती कल्पना एगोनची. निदान खोली तरी ओळखीची असावी म्हणून. पांढरं कापड घातलेली लांब टेबलं, बर्च झाडाच्या डहाळ्या, आणि मला पुसून, पुढच्या बाजूला फुलांचा हार घालून नवरा-नवरीच्या समोर उभं केलेलं. एगोननं स्वतः मला जवसाचं तेल लावलं होतं. तोवे त्याच्या बाजूची पाहुणी म्हणून निळ्या पोशाखात आली होती. आणि फ्लेमिंग आला. उंच, रुपेरी केस, हस्तांदोलन करताना समोरच्याचं नाव लक्षात ठेवणारा माणूस. मला तो बघताक्षणी आवडला, आणि त्याबद्दल मला माझाच राग आला.

हेरिंग मासे आणि काळसर राय-पाव यांचं पहिलं वाढप संपलं. आमच्याकडे एक कडक रीत आहे: भाषण चालू असताना कोणी ताटाला हात लावायचा नाही. वाढपी दारात थांबतात, स्वयंपाकघर थांबतं, बटाटे गार झाले तरी चालतात. उष्टी ताटं सगळ्यांच्या पुढे तशीच होती, आणि एगोननं ग्लासवर सुरी वाजवली.

तो आला. माझ्या कडा धरल्या. त्याचे तळवे थंडगार होते.

“प्रिय दित्ते,” तो म्हणाला.

मी सांगतो तुम्हाला, मी लाकडाचा असून देवाचा धावा केला. दित्ते बापाकडे बघत होती, तोंडावर हसू धरून, आणि ते हसू हळूहळू दुखायला लागल्याचं मला दिसत होतं. कुणीतरी खोकलं. टेबलाच्या त्या टोकाला फ्लेमिंगनं हळूच रुमाल मांडीवरून काढून बाजूला ठेवला आणि खुर्ची इंचभर मागे सरकवली. मदतीलाच. अगदी मदतीलाच.

एगोननं ती खुर्ची सरकताना पाहिली. त्यानं मला सोडलं. तो चालत पहिल्या टेबलापाशी गेला आणि एका म्हाताऱ्या आत्याबाईंपुढचं उष्टं ताट उचललं. मग त्यांच्या शेजारच्याचं. दारातले वाढपी आ वासून बघत राहिले. लोकांना वाटलं, बिचारा पळून जातोय, आणि जाता जाता काहीतरी काम केल्याचं दाखवतोय.

“दित्ते सात वर्षांची होती,” एगोन म्हणाला, ताटावर ताट ठेवत, “तेव्हा सोंडरगोरच्या शेतावर बिस्सर नावाचा कुत्रा होता. काटा इकडे द्या, बाई. बिस्सर सगळ्यांना चावायचा. मलाही चावला. हिला नाही चावला.”

आणि तो एकेक ताट गोळा करत टेबलांमधून फिरत राहिला, आणि एकेक शेत येत गेलं, एकेक कुत्रा. अख्खं सभागृह मान वळवून त्याच्या मागे. नवऱ्या मुलापाशी, येप्पेपाशी, तो थांबला.

“येप्पे, ही तुला पहिल्यांदा घरी घेऊन आली ना, तेव्हा मी दारात काही न बोलता उभा होतो. हिनं तुझ्या कानात काय सांगितलं, ते मला ऐकू आलं. म्हणाली, ‘हात पुढे कर आणि थांब. तो येईल.’” त्यानं येप्पेचं ताट उचललं. “तू थांबलास. बरं केलंस.”

दित्ते हसत होती आणि डोळे पुसत होती. तो पुढे सरकला, फ्लेमिंगपाशी.

“फ्लेमिंग, तू हिला हँडबॉलला नेलंस. इतकी वर्षं. मला राग यायचा. अजून येतो. सुरी आडवी ठेव, पडेल.”

आता रीतीप्रमाणे वक्त्यानं ग्लास उंचावून नवरा-नवरीचा जयजयकार करायचा असतो. सगळे ग्लास हातात घेऊन उभे राहिले. एगोनच्या दोन्ही हातांत छातीपर्यंत ताटं होती. तो इकडे-तिकडे बघत राहिला.

“तुम्हीच प्या,” तो म्हणाला, आणि ताटं घेऊन खिडकीकडे गेला.

‘हुर्रे’ची गर्जना झाली ती माझ्या डोक्यावरून. पलीकडे दुरुस्त झालेलं मशीन घों घों करायला लागलं. तोवेनं मागून जाऊन एगोनच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. मी मात्र हार घालून तसाच उभा होतो, जवसाच्या तेलाचा वास मारत, कोणाच्याही उपयोगी न पडता.

मित्रांनो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. कुठं जुना पोडियम दिसला तर त्याला अडगळीत टाकू नका. वर्षातून एकदा तेल लावा, उन्हात ठेवू नका, आणि जमलं तर अधूनमधून त्याच्यामागे उभं राहून दोन शब्द बोला. कसलेही चालतील. माणसाप्रमाणे लाकूडही वापरात नसलं की तडकतं. आणि ज्याला माझ्यामागे बोलता येत नाही, त्याला ताटं उचलून बोलू द्या. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन.

तर त्या जयजयकारानंतर मांस आणि बटाटे वाढले गेले, आणि मग फ्लेमिंग उठला. सरळ माझ्याकडे आला. उजवीकडे पाण्याचा ग्लास ठेवला, डावीकडे कोपर टेकलं, आणि कागदाशिवाय, शांतपणे, दित्तेच्या हँडबॉलच्या शनिवारांबद्दल बोलला. तोवेसुद्धा रडली. त्याचं भाषण एगोनच्या भाषणापेक्षा चांगलं झालं.